सगुणाआत्या आणि मूळ रानझंकार पार्टी

एका जंगलात एक घोरपड राहत होती, बाळांनो. तुम्ही म्हणाल, वाघ-सिंह सोडून घोरपड कशाला? तर वाघ-सिंह आपल्या गोष्टी आपणच लिहवून घेतात. घोरपडीचं कोण बघणार? म्हणून आपण बघायचं. मागच्यानं हातातला मोबाईल खाली ठेवायचा आणि कान इकडे द्यायचे.

तर या घोरपडीचं नाव सगुणाआत्या. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काही घोरपडी कड्याला चिकटतात, काही भिंतीला. सगुणाआत्या चिकटली होती रानझंकार बेंजो पार्टीला.

पार्टी होती तिघांची. नाना बेडूक गायचा. आडोबा खेकडा दोन्ही नांग्यांनी बेंजो छेडायचा. आणि रंभाजी रानडुक्कर ढोल बडवायचा. जंगलात लग्न असो, जावळ असो, नाहीतर कोल्ह्याची निवडणूक असो, रानझंकारशिवाय पान हलत नसे.

सगुणाआत्याच्या वरातीतही हीच पार्टी होती. नानाची ओळ संपली, सगळं शांत झालं, आणि मग एकदम ढोलाचा धपका आला. त्या धपक्यानं नवरदेव दचकून घोड्याच्या, म्हणजे सांबराच्या, मानेला मिठी मारून बसला. आत्याला हसू फुटलं. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. पुढं बरीच वर्षं संसार झाला. आता यजमान नव्हते, पण तो धपका आत्याच्या कानात होता.

पुढं काय झालं, तर पार्टी मोठी झाली. मोठी झाली की फाटते, मग ती पार्टी असो की चड्डी.

पहिला गेला आडोबा. मिरवणूक जायची पुढं आणि आडोबा जायचा बाजूला. तीनदा तो बेंजोसकट ओढ्यात गेला. त्याच्या जागी माकड आलं. मग उन्हाळ्यात नाना चिखलात झोपला, त्याच्या जागी पोपट आला. पोपटाला सगळी गाणी पाठ, नानाच्या खोकल्यासकट. शेवटी रंभाजीलाही काढलं आणि ढोलावर अस्वल बसवलं. नाव मात्र तेच राहिलं, रानझंकार.

मग काढलेले तिघं एकत्र आले आणि त्यांनी वेगळी पाटी लावली, ‘अस्सल मूळ रानझंकार’. म्हणजे बघा, जुन्या पार्टीत सगळे नवे आणि नव्या पार्टीत सगळे जुने. जंगल दोन गटांत वाटलं गेलं. पाणवठ्यावर हरणं एकमेकांशी बोलेनाशी झाली. वाघानं हरिण धरलं तर उरलेली आधी विचारायची, कोणत्या गटाचं होतं?

सगुणाआत्याला दोन्ही पार्ट्या पसंत नव्हत्या.

"मूळची मजा नाही," ती म्हणायची.

"अहो, पण ते मूळचेच तिघं आहेत," कोणीतरी म्हणायचं.

"तिघं मूळचे असतील. मजा मूळची नाही."

इतक्यात आत्याच्या भावाच्या, येसाजीच्या, घरी अंडं फुटलं आणि गुटगुटीत पोर बाहेर आलं. आता त्या जंगलाचा रिवाज असा, की बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. आणि येत्या पौर्णिमेपर्यंत आत्यानं नाव ठेवलं नाही, तर जंगल ज्या नावानं हाक मारत असेल तेच जन्माला चिकटायचं.

आत्या म्हणाली, "नाव ठेवीन. पण बारशाला मूळ रानझंकार वाजली तरच."

"आक्का, मूळ म्हणजे कोणती?" येसाजीनं विचारलं.

"ती ऐकली की मी सांगीन."

इकडे माकडांनी पोराला ‘थुलथुल्या’ म्हणायला सुरुवात केली होती. पोराची आई तुळसा रोज संध्याकाळी हाक मारायला दारात यायची आणि गप्प उभी राहायची. थुलथुल्या म्हणायला जीभ रेटेना आणि दुसरं नाव नव्हतं. दुसरीकडून माकडं हाक मारायची आणि पोर शेपूट हलवत तिकडे धावायचं.

"वन्सं," तुळसा म्हणाली, "उद्या याचं लग्न ठरवताना मी काय सांगू, आमचा थुलथुल्या?"

आत्या पाघळली, पण सुटली नाही. घोरपडच ती.

शेवटी पौर्णिमेच्या दिवशी येसाजीनं दोन्ही पार्ट्या बोलावल्या. तुळसानं आपलं लुगडं दोन झाडांना बांधून आडोसा केला. ठरलं असं, की आडोशामागे पार्ट्या एकामागून एक वाजवतील आणि आत्या ऐकून ओळखेल. उगवतीला चंद्र दिसला की निकाल.

पहिली पार्टी वाजली. वाजवणारे होते नाना, आडोबा आणि रंभाजी, खुद्द. पण एवढ्या परीक्षेला बसायचं म्हणून तिघांनी तालीम केली होती. नानानं मध चाटला होता. रंभाजीनं तर सकाळपासून उपास धरला होता. कुठे म्हणून चूक झाली नाही.

आत्या डोळे मिटून म्हणाली, "पोरं बरी आहेत. शिकतील हळूहळू."

आडोशामागून नानाचा खोकला ऐकू आला. मधाचाही काही उपयोग झाला नाही.

दुसरी पार्टी वाजली. पोपटानं नानाची हुबेहूब नक्कल केली. माकडानं बेंजो पायानं वाजवून दाखवला. अस्वलानं ढोल असा घड्याळासारखा बडवला की सुतारपक्षी लाजला.

"हे शिकलेत," आत्या म्हणाली, "आता यांचं काही होणार नाही."

झाडाआडून चंद्राची कड दिसायला लागली. माकडं फांदीवर सरसावून बसली आणि कुजबुजली, "थुलथुल्या, थुलथुल्या." तुळसानं पदर डोळ्याला लावला.

येसाजीला काही सुचेना. माणूस घाबरला की देवाचं नाव घेतो. येसाजी घाबरला की गुणगुणायचा. तो रानझंकारचं जुनं गाणं गुणगुणायला लागला, तेच वरातीतलं. पोर तिथंच घुगऱ्यांच्या परातीपाशी बसलं होतं, तोंडात हरभरे कोंबून. येसाजीची ओळ संपली. शांतता झाली. पोरानं घास गिळला आणि मग परातीवर शेपूट आपटलं.

धप्प.

आत्याची शेपटी ताठ झाली.

येसाजीनं दुसरी ओळ म्हटली. पोरानं आणखी हरभरे कोंबले, चावले, गिळले.

धप्प.

"हाच," आत्या म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "हाच रंभाजीचा ढोल. आडोसा काढा."

लुगडं काढलं. मागे दोन्ही पार्ट्या हात जोडून उभ्या. ढोलाला कोणी हात लावलेला नव्हता.

रंभाजीला राग आला. "मी असा मागाहून कधी वाजवला?"

"कायम," आडोबा बाजूला सरकत म्हणाला. "तू आधी पान वाढून घ्यायचास. नानाची ओळ संपली की तुझा घास तोंडात. गिळून झाला की धप्प. म्हणून तर तुला काढला."

"मला वाटायचं लोकांना ते आवडतं."

"एकीला आवडायचं," नाना म्हणाला.

आत्यानं डोळे उघडले. पोराकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, आणि वरातीतल्यासारखी हसायला लागली. मग तिनं पोराला उचललं, कानाशी तोंड नेलं आणि कुर्रर्र करून नाव सांगितलं, "रंभाजी."

"वन्सं, डुकराचं नाव?" तुळसा म्हणाली.

"थुलथुल्या चालेल का तुला?"

तुळसानं दोन वेळा पुटपुटून बघितलं, रंभाजी, रंभाजी. जमतंय.

कुर्रर्र झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. सगळ्या जणींनी घातले, माकडिणींनी जरा जास्तच. धपाटे संपले. सगळे थांबले. आणि मग एक धपाटा आला, मागाहून. मोठ्या रंभाजीनं उपास सोडला होता आणि त्याच्या तोंडात घुगऱ्या होत्या.

आत्या वळली नाही. नुसती म्हणाली, "आलात होय?"

पुढं दोन्ही पार्ट्यांनी पोराला पळवायचा प्रयत्न केला. आत्यानं त्याला कुठंच जाऊ दिलं नाही, घरीच परात दिली. जंगल ऐकायला जमायचं. पोरगं मोठं झालं, हुशार निघालं, आणि एके दिवशी घास खाली ठेवून नीट तालात वाजवायला लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्या शेजारणीच्या कानाला लागली. "वाजवतो बरा. पण बारशाच्या दिवशी ऐकायला हवं होतंस. तेव्हाचा रंभाजी राहिला नाही."

तात्पर्य : मुलांनो, वाद्य शिकायचं असेल तर बेताबेतानं शिका. फार चांगलं वाजवायला लागलात की जुने चाहते तुटतात. आणि आई म्हणाली की आधी रियाज मग जेवण, तर तिला ही गोष्ट सांगा. मार बसलाच, तर तो ओळ संपल्यावर जरा थांबून बसेल एवढं बघा.