खडा हिरवा झाला

रोगांची जुनी वर्गवारी मोडीत काढून रुग्णालयाने नवी स्वीकारली, तेव्हा रोगांचे मत विचारात घेतले गेले नाही. प्रत्येक रोगाचा जुना क्रमांक जाऊन नवा लागायचा होता. त्यासाठी सॉफ्टवेअर आले आणि त्याच्यापुढे क्रमांक लावायला कोडताईंची स्थापना झाली.

पद्धत काटेकोर होती. रोग नव्या वर्गवारीत न्यायचा आणि खात्रीसाठी परत जुन्यात आणायचा. गेला तोच परत आला, तर हिरवी खूण. वेगळा आला, तर लाल. मग जो आला असेल त्याला घेऊन पुढची फेरी, हिरवे होईपर्यंत. कोडताई खूण बघत, रोग कोण वाचतो! थोड्याच दिवसांत रुग्णालय कागदोपत्री इतके ठणठणीत झाले, की संचालकांचा सत्कार करावा लागला.

अशात कोडताईंच्या सासऱ्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडा निघाला, ऑपरेशन ठरले. मंजुरीला फक्त नवा क्रमांक हवा होता. कोडताईंनी स्वतःच्या हाताने खडा सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि घरचे माणूस म्हणून पहिल्यांदाच पडदा नीट वाचला.

'पित्ताशयातील खडा' गेला तो 'पित्ताशयाचा अन्य विकार' होऊन आला. लाल. मग झाला 'पोटाची अन्य तक्रार'. लाल. मग नुसतेच 'अन्य'. शेवटी आले 'तक्रार नाही', आणि पडदा हिरवागार झाला. शंभर टक्के जुळले!

कोडताईंनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.

"अहो, माझ्या सासऱ्यांचा खडा कुठे गेला?"

"गेला नाही ताई, रूपांतरित झालाय."

"पोटात आहे तो! सोनोग्राफीत दिसतोय!"

"सोनोग्राफी जुन्या वर्गवारीतली असेल."

"आणि 'तक्रार नाही' एवढंच कसं जुळतं हो तुमचं?"

"दोन्हीकडे तेवढंच सारखं आहे. बाकी सगळ्या रोगांत मतभेद आहेत. आणि ताई, इतके दिवस हिरव्या खुणा तुम्हीच मान्य करताय की. आजवर बोलला नाहीत!"

फोन तसाच टाकून कोडताई वॉर्डाकडे धावल्या.

सर्जन पलंगाशी उभे राहून पडदा वाचत होते. सासरे पोट आवळून घामाने निथळत होते.

"काय आजोबा, कसं वाटतंय?" सर्जनांनी आपुलकीने विचारले.

"बरंय," सासरे दात आवळून म्हणाले.

"बाबा, अहो खरं सांगा ना!"

"अगं, एवढा मोठा माणूस मायेनं विचारतोय. त्यांना कशाला उगाच त्रास?"

"डॉक्टर, कळा येताहेत हो त्यांना! बघा तरी!"

"सॉफ्टवेअर तेच म्हणतंय, पेशंटही तेच म्हणतोय," सर्जन म्हणाले. "मध्ये बोलणारा मी कोण?" ऑपरेशन रद्द झाले आणि पलंग पुढच्या रुग्णाला मिळाला.

कोडताई सासऱ्यांना धरून फाटकापर्यंत आल्या. म्हातारा कळेने दुमडला होता. आता यांना घेऊन जायचे कुठे, या विचाराने त्यांना रडू फुटत होते. तेवढ्यात रखवालदार अदबीने उठला.

"काय ताई, सगळं ठीक ना?"

"हो, अगदी ठीक," कोडताई म्हणाल्या.

हसू नका. आज सकाळी तुम्हालाही कुणीतरी विचारलेच असेल. काय सांगितलेत?