सुतकातलं वरण

आपण नसलो तर सोनाळ्यात लग्नाची पंगत उठत नाही, असं निवृत्ती स्वतःच सांगायचा आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. वरण शंभर माणसांचं असो की पाचशेंचं, नुसत्या वाफेवरून त्याला मीठ कळायचं. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या भगवानरावांच्या कोकिळेचं लग्न निघालं, आणि नेमका चार दिवस आधी निवृत्तीचा चुलतभाऊ मोताळ्याला वारला. दहा दिवसांचं सुतक. मांडवात पाय टाकायची सोय उरली नाही. भगवानरावांनी येऊन समजूत घातली, की यंदा कडूबा पाहून घेईल, तुम्ही निवांत राहा. निवांत हा शब्द निवृत्तीला बाभळीच्या काट्यासारखा टोचला. कडूबा त्याच्याच हाताखाली शिकलेला. सांगितलं ते मुकाट करायचा, का म्हणून विचारायचा नाही.

"मांडवात येत नाही मी," निवृत्ती म्हणाला, "पण माह्याच धाब्यावर बसाले सुतक आडवं येते काय?"

त्यानं कडूबाला खुणा पढवल्या. दुपट्टा एकदा हलला की वरणात एक ओंजळ मीठ. दोन्ही हात वर गेले की चुलीतली लाकडं बाहेर ओढायची.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून तो घराच्या सपाट मातीच्या छतावर, धाब्यावर, जाऊन बसला; तिथून शेजारच्या मांडवातली चूल समोरच दिसत होती. येणारे-जाणारे खालून रामराम करत होते, तो मान हलवून घेत होता. दुपारी वरणाला उकळी आली. त्यानं वाफ हुंगली आणि दुपट्टा एकदा हलवला. कडूबानं ओंजळ टाकली. तेव्हाच खाली उतरला असता तर बरं झालं असतं.

पण तेवढ्यात वळचणीतून एक गांधीलमाशी निघाली. निवृत्तीनं तिला दुपट्ट्यानं हाकललं. कडूबानं ओंजळ टाकली. ती फिरून आली, सोबत दोघींना घेऊन. निवृत्ती उभा राहून गोफणीसारखा दुपट्टा फिरवू लागला. एवढी घाई पाहून कडूबानं ओंजळीचा नाद सोडला आणि मिठाची पिशवीच वरणाच्या गंजात पालथी केली. निवृत्ती वरून ओरडला, पण खाली डफडं वाजत होतं. मग त्यानं घाबरून दोन्ही हात वर केले. कडूबानं लगेच लाकडं ओढली.

पंगत बसली. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि ते बराच वेळ समोरच्या खांबाकडे पाहत राहिले. शिवी कोणी दिली नाही. भगवानराव हात जोडत, वाकून वाकून प्रत्येकाला पाणी वाढत होते. हे सगळं निवृत्तीला वरून स्वच्छ दिसत होतं. माफी मागायला मांडवात जाता येत नव्हतं, आणि घरात शिरावं तर पळाल्यासारखं दिसलं असतं. म्हणून गांधीलमाशी डसून सुजलेला ओठ घेऊन तो उन्हातच बसून राहिला. बायकांनी नवी डाळ शिजवेपर्यंत दीड तास गेला.

संध्याकाळी वरातीची बैलगाडी दारासमोर आली, तेव्हा तो खाली उतरून लांबच उभा राहिला. कोकिळेनं गाडी थांबवायला लावली.

"बाई, तुह्या लग्नात मी..." त्यानं हात जोडले.

"राहू द्या काका," शेजारच्या नवऱ्याकडे पाहत ती हळूच म्हणाली. "सकाळपासून हे एक शब्द बोलले नव्हते. मले वाटे, मुके हायेत काय. वरण खाल्लं अन् पाणी मागतलं."

निवृत्तीच्या जिवात जीव आला.

"आठ खेपा मागतलं," कोकिळा म्हणाली.

गाडी हलली. सुतक फिटल्यावरही निवृत्ती आठवडाभर घराबाहेर पडला नाही.