चांदणीचा निरोगीपणाचा दाखला

रोगनियंत्रणात सर्वांत मोठा अडथळा रोगी हाच असतो. हे सत्य पुण्याच्या अश्ववैद्य मंडळाने वेळीच ओळखले, म्हणून गेली अकरा वर्षे त्यांच्या कागदावर एकही घोडा आजारी पडलेला नाही. मागच्या वर्षी मंडळाने १,१४२ तपासण्या केल्या. (घोडे ५७१. प्रत्येकाला दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा छायाचित्रकार आला नव्हता.) सगळे घोडे मोठ्या पागांतले, गाजरावर वाढलेले, मंडळाच्या कार्यकारिणीपेक्षा तब्येतीने कितीतरी बरे. अशी निवड करायला दूरदृष्टी लागते.

सगळे सुरळीत चालले असताना विश्रांतवाडीच्या हमीदने आगाऊपणा केला. त्याच्याकडे चांदणी नावाची पांढरी घोडी आहे, ती वरातींना जाते. नोव्हेंबरात तिच्या नाकातून पिवळा, चिकट शेंबूड वाहू लागला. समंजस माणूस अशा वेळी गप्प बसतो. हमीद थेट मंडळात गेला आणि ‘ग्लँडर्स’ हा शब्द मोठ्याने उच्चारला. हा रोग घोड्याचा जीव घेतो आणि घोड्यापासून माणसालाही होतो. त्यामुळे मंडळात तो फक्त परिसंवादात उच्चारतात, तोही जेवणानंतर.

“साहेब, नमुना घ्या,” हमीद म्हणाला. “घोडी जायची असेल तर जाईल, नशीब माझं. पण तिचं नाक माझी बायको पुसते. जैनबला चार दिवस ताप आहे. डॉक्टर विचारतात घोडीला काय झालंय, मी काय सांगू?”

अध्यक्ष डॉ. दिग्विजय यांनी अत्यंत सहानुभूतीने नियम वाचून दाखवले. नियम सात : रक्ताचा नमुना मंडळाच्या कार्यालयातच घेण्यात येईल. (कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट चार माणसांची.) नियम आठ : संशयित घोड्यास जागेवरून हलवू नये.

“मग करायचं कसं?”

“अहो, दोन्ही नियम बरोबर आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “तुमची घोडी चुकते आहे.”

हमीदने घोडी वेगळी बांधली, पाच वराती नाकारल्या, दारावर ‘जवळ येऊ नये’ असा फलक लावला आणि मंडळाच्या नऊ फेऱ्या मारल्या. रोगनियंत्रणाचे एवढे काम शहरात त्या महिन्यात दुसऱ्या कोणी केल्याचे ऐकिवात नाही. मला त्या माणसाची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

अशात अध्यक्षांचे पुतणे तेजस यांचे लग्न ठरले. त्या मुहूर्ताला खडकीपासून हडपसरपर्यंत एकही पांढरी घोडी मोकळी नव्हती. (एक काळा घोडा होता. मुलीकडचे म्हणाले, फोटोत बरा दिसत नाही.) मग मात्र रोगनियंत्रणाला विलक्षण वेग आला. अध्यक्ष स्वतः विश्रांतवाडीला गेले, गाडीची काच बंद ठेवून त्यांनी चांदणीची सखोल तपासणी केली आणि जागेवर दाखला लिहिला : ‘सर्वार्थाने निरोगी, वरातीस योग्य.’

“आणि नमुना?” हमीदने विचारले.

“वरात संपली की तिथेच घेतो. शब्द आहे माझा.”

हमीदने दारावरच्या फलकाकडे बोट दाखवले. आतून जैनब म्हणाली, “जा घेऊन. एकदाचं कळू तरी दे मला काय झालंय ते.”

हमीदने चांदणीच्या तोंडाला फडके बांधले. व्हिडिओवाल्याने ते सोडायला लावले.

अध्यक्ष शब्दाला जागले, नमुना घेतला. आठव्या दिवशी अहवाल आला : ग्लँडर्स. कायद्याप्रमाणे चांदणीला इंजेक्शन देऊन मारण्यात आले. जैनबला त्याच दिवशी योग्य औषध सुरू झाले. महिनाभर आधी झाले असते तर बरे, असे तिचे डॉक्टर म्हणाले. आता ती श्वास घेते तो ऑक्सिजनच्या नळीतून, आणि हमीद बाहेरच्या बाकावर बसून असतो.

मंडळही स्वस्थ बसलेले नाही. घोडीच्या संपर्कात कोण कोण आले, हे वरातीच्या व्हिडिओवरून शोधण्यात आले. दोनशे अडतीस माणसे निघाली. एवढ्यांना तपासणार कोण? म्हणून एका ठरावाने सर्वांना निरोगी घोषित केले. व्हिडिओत चौथ्या मिनिटाला हमीद हात जोडून म्हणतो आहे, “लांब राहा हो, आजारी आहे ती.” एक पाहुणे त्याला बाजूला सारतात आणि चांदणीच्या गालाला गाल लावून सेल्फी काढतात. ते आपणच ना? फेटा छान दिसतोय. ठरावात आपले नाव एकशे एकोणिसावे आहे. परवापासून येणाऱ्या खोकल्याकडे मुळीच लक्ष देऊ नका.