राजतळ्याचं यंत्र आणि कासवाचा पगार

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि ते स्वच्छ होतं. खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी. पण त्या जंगलाला एक राजा होता आणि राजाला एक मेहुणा होता. त्यामुळे आपल्याला पुढं जावं लागेल. नीट मांडी घालून बसा.

राजा म्हणजे वाघ. उन्हाळ्यात तो दुपारभर तळ्यात बसून असे. वाघ पाण्यात पाठमोरा उतरतो, तोंडावर पाणी उडालेलं त्याला खपत नाही. महाराज असे मागं मागं सरकत उतरायला लागले की बाकीचे प्राणी आदरानं दुसरीकडे बघत. महाराज एकदाचे बसले की पलीकडच्या काठावर हरणं आणि रानडुकरं पाणी पीत.

त्याच तळ्यात धोंडूतात्या नावाचं एक म्हातारं कासव राहायचं. तात्या दिवसभर तळाच्या दगडांवरचं शेवाळ खात. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना भूक लागायची आणि शेवाळ समोर असायचं. त्यामुळे तळं स्वच्छ राहायचं. हे इतकं सरळ होतं की आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात महाराजांचा मेहुणा पाहुणा म्हणून आला. तो नदीपलीकडच्या जंगलाचा राजा होता. तळ्याच्या काठावर उभा राहून त्यानं नाक मुरडलं.

"दाजी, तुमचं तळं अजून कासव चाटतं?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे तळ्याच्या तळातच यंत्र बसवलंय. आपलं आपण साफ होतं. नाही, तुमचंही चांगलंच आहे. जुन्या पद्धतीचं."

महाराजांना त्या दिवशी सांबर गोड लागलं नाही.

"अहो, तो लहानपणापासून असाच आहे," वाघीण म्हणाली. "आपलं ताट सोडून दुसऱ्याच्या ताटात बघायचं. आणि आपलं तळं घाण आहे कुठं?"

"प्रश्न घाणीचा नाही," महाराज म्हणाले.

प्रश्न कशाचा आहे ते त्यांनी सांगितलं नाही. मोठी माणसं सांगत नसतात.

दुसऱ्याच दिवशी मुंगूस आलं. यंत्रं विकणारी मंडळी कशी येतात ठाऊक आहे ना? बोलवायच्या आधी. त्याच्या मिशा विंचरलेल्या होत्या आणि हातात केळीच्या पानावर काढलेलं रंगीत चित्र होतं.

"महाराज, तळ्याच्या तळाला फरशी घालायची. फरशीला भोकं. वरच्या धबधब्याचं पाणी त्या भोकांतून जोरात उसळणार आणि सगळी घाण मधल्या नाळीत ढकलणार. नाळीतून घाण थेट बाहेर, खालच्या करंजाखालच्या खड्ड्यात. कुणी बघायला नको की सांगायला नको."

"आणि याचं काय पडेल?"

"फार नाही. डोंगरावरच्या सगळ्या पोळ्यांचा मध."

अस्वल मागं उभं होतं, ते मटकन खाली बसलं.

महाराजांनी चिटणीसाला बोलावलं. चिटणीस म्हणजे साळिंदर. तो स्वतःचाच एक काटा कानामागं खोचून हिंडायचा. त्यानं काटा काढला आणि वाळूत बराच वेळ काहीबाही ओढलं.

"महाराज, यंत्र घेतल्यानं जो खर्च वाचतो, त्यातून यंत्राची किंमत निघाली पाहिजे. असा नियम आहे."

"बरोबर."

"आज तळं साफ ठेवायला आपल्याला खर्च येतो काहीच नाही. म्हणजे वाचणार काहीच नाही. यंत्र परवडत नाही."

अस्वलानं हळूच सुस्कारा सोडला. हे पाहा मुलांनो, इथं दुसऱ्यांदा गोष्ट संपायला हवी होती.

पण मुंगसानं मिशीवरून हात फिरवला. "चिटणीससाहेब, दोष यंत्राचा नाही. तुम्ही कासवावर काही खर्चच करत नाही, तर वाचेल कसं? आधी त्याला पगार सुरू करा. यंत्र आलं की तो पगार वाचेल."

साळिंदरानं वाळूतले आकडे पुन्हा एकदा तपासले. त्याला हिशेबात चूक सापडेना. मग तो हळूहळू आनंदला.

धोंडूतात्यांना काठावर बोलावून सांगण्यात आलं की त्यांची नेमणूक झाली आहे. पगार म्हणून रोज एक काकडी.

"माझी?" तात्या म्हणाले. "कशावर?"

"शेवाळावर."

तात्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्यांना कुणी साधं "तात्या, जेवलात का?" असंही विचारलं नव्हतं. काकडी त्यांनी डोळे मिटून, सावकाश, देठापर्यंत खाल्ली. मग नेमणुकीची बातमी सांगायला ते बेडकांकडे गेले. बेडकांनी रात्रभर अभिनंदन केलं.

आठवड्यानं साळिंदरानं पुन्हा वाळूत आकडे मांडले. एका काकडीच्या बचतीत यंत्र परवडत नव्हतं. म्हणून तात्यांचा पगार वाढवला. तरी परवडेना. पुन्हा वाढवला. माकडं गावाकडच्या मळ्यातून टोपल्या भरभरून काकड्या आणू लागली.

तात्या घाबरले. "चिटणीस, माझ्या कामात काही विशेष आहे का हो?"

"तुमचं काम फार मोलाचं आहे तात्या. ते अजून थोडं मोलाचं झालं की झालं."

आता मला सांगा, काकड्यांनी गच्च पोट भरल्यावर शेवाळ कोण खातं? तात्यांनी प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. सकाळी उठून दगडापाशी जात, तोंड उघडत आणि त्यांना ढेकर येई. दगड हिरवे झाले. मग पाणी हिरवं झालं. एका दुपारी महाराज पाठमोरे उतरत असताना त्यांचा पाय घसरला आणि ते आडवे झाले. बाहेर आले तेव्हा पिवळं अंग हिरवं दिसत होतं. वाघीण इतकी हसली की तिला झाडाला टेकावं लागलं.

त्याच संध्याकाळी सभा बसली.

"महाराज, आनंदाची बातमी आहे," साळिंदर म्हणाला. "कासवाचा पगार आता इतका झालाय की यंत्र परवडतं. शिवाय तळं घाण आहे, म्हणजे यंत्राची गरजही आहे."

"पण तळं घाण कुणी केलं?" वाघिणीनं विचारलं.

"ते या सभेच्या विषयात नाही."

तात्यांना काम न केल्याबद्दल काढून टाकलं. तळ्यातूनही काढलं, कारण फरशी घालायला तळं रिकामं करायचं होतं.

"काम?" तात्या म्हणाले. "मी काम कधी करत होतो हो? मी जेवत होतो."

तात्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी आयुष्यात तळ्याखेरीज दुसरं घर पाहिलं नव्हतं. ते काठ चढून चालू लागले. मुंगूस फरश्या रचून खोळंबलं होतं.

"तात्या, निघालात का?" साळिंदरानं हाक मारली.

"निघतोय," तात्या म्हणाले.

ते निघत असतानाच अस्वल मधाच्या पोळ्यांचा भारा घेऊन त्यांच्या शेजारून गेलं.

यंत्र बसलं आणि उत्तम चाललं. खोटं कशाला सांगू? पाणी उसळायचं, घाण नाळीत जायची. तळ इतका स्वच्छ झाला की त्यात आभाळ दिसायचं. फक्त हरणं प्यायला वाकली की पाण्याचा फवारा नाकात जायचा. ती यायची थांबली. मग महाराज पाठमोरे उतरले. फवारा कुठं बसला ते मी सांगणार नाही. महाराज तोंडाच्या दिशेनं बाहेर आले, एवढंच सांगतो.

"थोडा वेळ बंद ठेवता येईल का?" त्यांनी मुंगसाला विचारलं.

"येईल की. पण बंद ठेवलं तर शेवाळ धरेल."

इतका मध देऊन तळ्यात शेवाळ धरू देणं बरं दिसलं नसतं. यंत्र चालू राहिलं. मेहुणा येऊन बघून गेला. महाराज त्याच्याशेजारी काठावर, उन्हात उभे होते.

इकडे तात्या फार लांब गेलेच नव्हते. चालून चालून ते करंजाखालच्या खड्ड्यापर्यंत पोचले होते. तळ्याची नाळ तिथंच रिकामी व्हायची. काकड्या बंद झालेल्या, पोटात कावळे ओरडत होते आणि वरून शेवाळ येत होतं. तात्या खाऊ लागले. खड्ड्यातलं पाणी निवळलं. हरणं आली, रानडुकरं आली. एके दिवशी इकडेतिकडे बघत महाराजही आले आणि पाठमोरे उतरले. सगळ्यांनी आदरानं दुसरीकडे पाहिलं. तात्यांना पुन्हा भूक लागत होती. त्याहून जास्त त्यांना काही नको होतं.

मग एका सकाळी साळिंदर आला. कानामागं काटा होता, हातात टोपली होती.

"तात्या, महाराज तुमच्यावर खूश आहेत. तुमची पुन्हा नेमणूक झाली आहे."

त्यानं टोपलीतली एक काकडी काढून तात्यांसमोर ठेवली. कोवळी होती. तिच्यावर अजून दव होतं. तात्यांनी मान लांबवली आणि तिचा वास घेतला.

"नको हो चिटणीस," ते हात जोडून म्हणाले. "मला उपाशी राहू द्या."

"असं कसं? नियमात बसत नाही."

तात्यांनी त्याच्या मागं पाहिलं. मागं मुंगूस आपल्या शेपटीनं खड्ड्याची लांबी मोजत होतं.

तात्यांनी काकडीला तोंडही लावलं नाही. ते वळले आणि काठ चढू लागले.

"तात्या!" साळिंदर ओरडला. "निघालात का?"

"निघतोय," तात्या म्हणाले.

तात्पर्य: फुकटात नीट चाललेलं काम बंद पाडणं कुणालाच परवडत नाही. म्हणून अशा कामाला आधी पगार सुरू करावा.