नानांची बोट कॅनडाला लागत नाही

मे महिन्यातल्या भर दुपारी आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत एखादे गृहस्थ पंखा बंद करून, स्वेटर आणि कानटोपी घालून टीव्हीसमोर बसलेले दिसले, तर घाबरून डॉक्टरला बोलावू नका. ते आमचे शेजारी नाना कांदळगावकर. त्यांना ताप-बिप काही नाही. ते नॉर्वेला गेलेत.

"नाना, गिरणीत निघालेय, तुमचं दळण आहे का?" असं मी दारातून विचारलं की ते हात वर करून मला थांबवतात. "आत्ता नको गो. मी ओस्लोत आहे. तासाभराने येतो."

हे व्हीपीएन प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. महिन्याचे पैसे घेऊन टीव्हीवर सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या ज्या कंपन्या आहेत, त्या प्रत्येक देशात वेगळा माल मांडतात. नॉर्वेतल्या माणसाला जे दिसतं ते आपल्याला दिसेलच असं नाही. आपण बटण दाबलं की 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' अशी पाटी येते. हे व्हीपीएन लावलं की कंपनीला वाटतं, आपण नॉर्वेतच बसलोय. पाटी जाते, मालिका सुरू होते. नाना मात्र त्याला व्हीपीएन म्हणत नाहीत. ते त्याला बोट म्हणतात. सकाळी भेटले की पहिला प्रश्न, "बोल, आज बोट कुठे सोडू?"

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात नाना जन्मभर क्लार्क होते. रॉटरडॅम, ओसाका, बर्गेन, व्हालपरायझो अशी बंदरांची नावं टाइप करण्यात त्यांची हयात गेली. स्वतः बोटीत बसले ते फक्त भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत, तेही मेहुण्याच्या लग्नाला. रिटायर झाल्यावर मुलाने टीव्ही घेऊन दिला, खालच्या मोबाइलवाल्याने बोट जोडून दिली, आणि नानांनी राहिलेली सगळी बंदरं घ्यायला सुरुवात केली.

मी फोर्टला एका वकिलांकडे टायपिस्ट आहे. म्हणून नाना मला वकीलबाई म्हणतात आणि म्हणूनच मला गप्प बसवत नाही. एकदा मी त्यांना स्पष्टच म्हटलं, "नाना, ही चोरी आहे. कंपनीची अट मान्य करून तुम्ही बटण दाबलंय."

झालं! नाना असे खवळले की कानटोपी काढून फेकली.

"चोरी? दर महिन्याला पैसे जातात माझे! खानावळीत थाळीचे पूर्ण पैसे दिले, आणि वाढपी म्हणतो, कुठून आलात? डिलाईल रोड? मग तुम्हाला सोलकढी नाही. हा कुठला न्याय?"

"खानावळ त्यांची आहे, नाना. आणि तुमच्या वाटची सोलकढी इथल्या दुसऱ्या कुणाला हक्काने विकलेली असते. तुम्ही तिकडून प्यायलात तर त्याच्या पोटावर पाय येतो."

नानांनी फेकलेली कानटोपी उचलली. वाद घालताना समोरच्याचं पटलं तर ते लपवत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आणि आमच्या चाळीत दुर्मीळ. "हा मुद्दा आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. एखादा सिनेमा इथे कुणाकडे पैसे भरून मिळत असेल, तर महाग पडला तरी इथेच बघायचा. इथे कुणाकडेच नसेल तरच बोट सोडायची.

नियम तर ढीगभर. दुसऱ्याचा पासवर्ड वापरायचा नाही. "उसना पासवर्ड म्हणजे उसना टूथब्रश. शी!" काही उतरवून साठवून ठेवायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे खोटं बोलायचं नाही.

"पण नॉर्वेत आहे असं कंपनीला सांगणं हेच खोटं नाही का?" मी विचारलं.

"म्हणूनच स्वेटर घालतो ना!"

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, माणूस गंभीरपणे बोलतोय. जिथे आहोत असं सांगितलं, तिथे निदान मनाने तरी पूर्ण जायचं, मग ते निम्मं तरी खरं होतं, असा त्यांचा हिशेब. जपानला गेले की मांडी घालून, ताठ बसून बघतात आणि मध्येच कुणी हाक मारली तर वाकून नमस्कार करतात. इटलीला गेले की दुपारी झोपतात. मजल्यावरच्या राणेंची सून रेश्मा एकदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेली, तर म्हणाले, "पोरी, मी ब्राझीलला आहे, फ्रिज तूच उघड." वेडे आहेत, दुसरं काय! पण चाळीत इतकी शहाणी माणसं राहतात, त्यांच्यापेक्षा हे वेड बरं.

फक्त एका देशाला नाना कधी गेले नाहीत. कॅनडाला.

कॅनडात त्यांचा विनय आहे. एकुलता एक. टोरांटोला हॉटेलात स्वयंपाकी म्हणून गेला आणि तिथलाच झाला. काकी, म्हणजे नानांची बायको, गेल्या तेव्हा तो तेराव्याला येऊन पोचला. जाताना गॅलरीत आम्हा सगळ्यांसमोर त्याने नानांचे हात धरले. "नाना, आता तुम्ही इथे एकटे राहायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बोलावतो. मी कागद पाठवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, तेवढे येऊ देत." नानांनी लगेच पासपोर्ट काढला. चाकांची बॅग घेतली. तो उन्हाळा गेला, त्याच्यापुढचेही गेले. पासपोर्टची मुदत संपली, तर नवा काढून आणला. दर गणपतीला विनयचा फोन येतो. नाना स्पीकर लावतात, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की, नाना."

"कागद आले का?" असं आता चाळीत कुणी त्यांना विचारत नाही. मध्यंतरी मीच चिडून म्हटलं होतं, "त्याला खडसावून विचारा ना एकदा!" नाना म्हणाले, "मुलाकडे बोलावणं मागायचं नसतं गो. ते आपणहून यायला हवं."

यंदा फेब्रुवारीत रेश्मा मोबाइल नाचवत नानांच्या दारात आली. "नाना! विनयभाऊ टीव्हीवर!"

खरंच होतं. तिकडे स्वयंपाकाच्या स्पर्धेचा एक कार्यक्रम सुरू झाला होता. पांढरा कोट घालून ओळीने उभ्या असलेल्या माणसांच्या फोटोत आमचा विनय. नानांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "हो, हो, म्हणाला होता तो मला," ते म्हणाले. काही म्हणाला नव्हता. त्यांच्या तोंडावरून कळत होतं, पण आम्ही सगळ्यांनी "हो ना, सांगितलंच असेल" असं म्हणून घेतलं.

कार्यक्रम फक्त कॅनडातच दिसत होता. कंपनी तीच, नाना जिला पैसे भरतात ती. म्हणजे प्रश्नच मिटला! रविवारी सकाळी अख्खा मजला नानांच्या खोलीत जमला. राणेआजींना खुर्ची दिली, रेश्माने बटाटेवडे आणले. मुलं पुढे बसली. "नाना, सोडा बोट!"

नाना रिमोट हातात धरून उभे राहिले. "नाही," म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"कॅनडाला नाही."

आधी वाटलं, चेष्टा करतायत. मग सगळे एकदम बोलायला लागले. अहो, जपान चालतं, नॉर्वे चालतं, मग पोटच्या मुलाला बघायला काय झालं? मीसुद्धा पुढे झाले. इतकी वर्षं ज्यांना चोरी, चोरी म्हणून छळलं त्यांनाच म्हटलं, "नाना, आज एक दिवस चालेल. इथे कुणी विकत घेतलेला नाही तो कार्यक्रम, कुणाच्या पोटावर पाय येत नाही."

"तसं नाही गो." नाना घाबरले की मालवणीत शिरतात, तसे शिरले. "माका बोलावल्यान नाय. न बोलावता झिलाच्या घराक कसो जाव?"

रेश्माने वड्यांची ताटली खाली ठेवली. ज्या माणसाने नॉर्वेला जाताना खोटं नको म्हणून घामाघूम होत स्वेटर घातला, त्याला कॅनडाचं बटण दाबणं म्हणजे मुलाच्या दाराबाहेर न सांगता जाऊन उभं राहणं होतं. मला त्यांचा राग आला. आणि विनयचा त्याहून जास्त आला.

मग नानांनीच तोड काढली. रिमोट माझ्या हातात दिला. "तू जा वकीलबाई. तुम्ही सगळे जा. मी बाहेर बसतो. बघा आणि माका सांगा." आणि स्टूल उचलून गॅलरीत, दाराकडे पाठ करून बसले.

मी कॅनडा लावलं. विनय दिसला. पोट सुटलेलं, दाढी, कानशिलावर पांढरे केस.

"तो जाडो झालो काय गो?" बाहेरून आवाज.

"थोडासा, नाना."

"चष्मो लागलो?"

"नाही हो, काही नाही."

विनय बांगड्याचं तिखलं, म्हणजे आमच्याकडचं झणझणीत कालवण, करत होता. नानांचं रविवारचं तिखलं चाळीत प्रसिद्ध होतं. काकी होत्या तेव्हा रविवारी त्यांना सुट्टी आणि चुलीवर नाना. विनय तेच करतोय असं मी ओरडून सांगितलं, तर बाहेरून ताबडतोब, "तिरफळां घातल्यान काय? तिकडे खय गावली त्याका?" आम्ही हसलो. राणेआजींनी पदराने डोळे पुसले. इतकं छान चाललं होतं!

मग कार्यक्रमातली बाई विनयजवळ आली आणि तिने इंग्रजीत विचारलं, हा पदार्थ का निवडलास? विनयने पळी खाली ठेवली. तो म्हणाला, हे माझे वडील करायचे. दर रविवारी. आता ते या जगात नाहीत. मागच्या वर्षी गेले. आजचा पदार्थ त्यांच्यासाठी. त्याचा आवाज भरून आला. बाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मागे पियानो वाजायला लागला.

रेश्माच्या हातातला वडा तसाच राहिला. ज्यांना इंग्रजी कळत होतं ते जमिनीकडे बघायला लागले. राणेआजी विचारायला लागल्या, "काय म्हणता गो तो? रडता कित्याक?" त्यांना कुणी सांगितलं नाही.

"काय म्हणाला?" नानांनी बाहेरून विचारलं.

मी टीव्हीचा आवाज कमी केला. शेवटी म्हटलं, "म्हणाला, हे माझ्या वडिलांचं तिखलं आहे."

"आणखी?"

"इतकंच, नाना."

विनय पुढच्या फेरीत गेला. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबवली. पाच मिनिटांत खोली रिकामी झाली, प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवलं. मी टीव्ही बंद करून भांडी गोळा करत होते, तेव्हा नाना स्टूल घेऊन आत आले आणि ते जागेवर ठेवलं.

"तिकडचे लोक स्पष्ट बोलतात," ते म्हणाले. "गॅलरीत सगळं ऐकू येतं."

मला रडूच फुटलं. रडता रडता मी विनयला नाही नाही ते बोलले. नालायक, मेला, जन्मदात्या बापाला जिवंतपणी! नाना मला हाताने गप्प करत राहिले, ओस्लोत असताना करतात तसं.

"असं नको बोलू. स्पर्धा आहे ती. जिवंत बापाला कोण मार्क देतं? आणि जिवंत आहेत असं म्हणाला असता, तर त्या बाईने पुढचं विचारलं असतं. मग इकडे का नाही आणलं त्यांना? काय सांगायचं त्याने एवढ्या लोकांसमोर? अडचणीत आला असता पोरगा."

मी डोळे पुसले. ते खरंच विनयची बाजू मांडत होते. वकिलाकडे नोकरी करते मी, पण आरोपीचा असा वकील मी पाहिला नाही.

"पुढच्या रविवारी आहे ना गो तो?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग ये. मी आत बसेन म्हणतो." नाना खुर्चीत टेकले, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. "आता काय हरकत आहे? गेलेल्या माणसाला बोलावणं लागत नाही."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघंच बघायचो, दार लावून. मी कॅनडा लावायचे आणि नाना टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसायचे. काही बोलायचे नाहीत. हसायचेही नाहीत. विनय जिंकला नाही, चौथा की पाचवा आला. त्याच्या शेवटच्या भागात घाईघाईने कांदा चिरताना त्याची सुरी सटकली आणि बोटातून रक्त आलं. तेव्हा मात्र नाना खुर्चीतून अर्धवट उठले, पडद्याकडे हात नेला आणि अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "हळू रे बाबा. हळू."