दहा फुटांवरचा नवरा

मी फक्त थर्मामीटर आणायचं ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं, यावर आमच्या घरात अजून कुणाचा विश्वास नाही.

आमच्या ह्यांचं, म्हणजे रविराज यांचं, घाटनांदूरला कृषी सेवा केंद्र आहे. ठिबकच्या नळ्यांचं टार्गेट सगळ्यांच्या आधी पूर्ण केलं म्हणून कंपनीने त्यांना थेट अमेरिकेला नेलं, फुटबॉलचा वर्ल्ड कप बघायला. (फुटबॉलमधलं ह्यांना एवढंच ठाऊक, की बॉल हातात धरला की लोक ओरडतात.) निघाले त्या दिवशी स्टँडवर हलगी वाजली, पेढे वाटले. मी मात्र घरी येऊन मोबाईल उघडला, तिथेच चुकलं.

मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी आहे. घरात याचा उपयोग इतकाच, की दही लागलं नाही तर मला बोलावतात. तर मी वाचलं, की अशा स्पर्धांना जगभरची माणसं एका स्टेडियममध्ये गोळा होतात आणि त्यांच्यासोबत गोवरही फिरतो. गोवराचा माणूस खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन-दोन तास हवेत तरंगत राहतो. आणि नेमकी त्याच वेळी माझी नणंद वैष्णवी माहेरी आलेली, कडेवर आरोही. आरोहीला आठ महिने झालेले. गोवराची लस नऊ पूर्ण झाल्यावर देतात. मधला तो एक महिना माझ्या छातीवर येऊन बसला.

म्हणून ह्यांच्या परतीच्या दोन दिवस आधी मी काळीपिवळीने अंबाजोगाई गाठली. नऊ जणांच्या जीपमध्ये आम्ही सतरा. मागचा गृहस्थ सबंध रस्ताभर माझ्या मानेवर शिंकत होता. पण माझं सगळं लक्ष अमेरिकेकडे होतं. थर्मामीटर घेतला, मास्कचा डबा घेतला आणि घरी येऊन माडीच्या दारावर पाटी चिकटवली : ‘आत अमेरिकेहून आलेला माणूस आहे. दहा फूट अंतर ठेवा.’

हे आले. मी त्यांना बाहेरच्या जिन्याने परस्पर माडीवर घातलं आणि खिडकीतून, मोजून दहा फुटांवरून, पाहिलं. दोन्ही गाल लालभडक. पुरळ. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या जिन्यावरून गडगडत अंगणात गेला.

“अहो, ताप आहे का?”

“भूक आहे.”

“डोळे लाल दिसतायत.”

“सव्वीस तास प्रवास केलाय. हिरवे दिसतील का?”

मी खाली धावले आणि सासूबाईंच्या कानात सांगितलं, “आत्या, कुणाला बोलू नका. ह्यांना बहुतेक गोवर आहे.”

आता मायक्रोबायोलॉजीत गोवर म्हणजे विषाणू. भिवराबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लेखी गोवर म्हणजे देवीआईचं अंगावर येणं. त्यांनी आधी कपाळाला हात लावून नमस्कार केला, मग आईला तडतड सोसत नाही म्हणून गॅसवरची फोडणी बंद केली, मग दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. आणि कुणालाच सांगितलं नाही. फक्त शेजारच्या तुळजाबाईंना सांगितलं.

अर्ध्या तासात जिन्यावर पंचवीस बायका. प्रत्येकीच्या हातात आईच्या नैवेद्याला दहीभाताचं ताट. ज्या माणसाजवळ कुणी फिरकू नये म्हणून मी एवढं केलं, त्याच्या दर्शनाला मीच रांग लावली होती.

मी दोन्ही हात पसरून दारात उभी राहिले. “मावशी, आत जाऊ नका. हवेतून पसरतो.”

“कावून जाऊ नगं?” तुळजाबाई म्हणाल्या. “अगं, आई अमेरिकेहून चालत आलीय. आन् आपण जिनाबी चढू नये व्हय?”

आतून ह्यांचा आवाज आला, “दहीभात असंल तर येऊ द्या की.”

तेवढ्यात रांगेत मला वैष्णवी दिसली. कडेवर आरोही, कपाळाला हळद.

“वहिनी, मामाला लांबूनच दाखवते.”

“नको. वैष्णवी, तिला लस नाही गं अजून. तिला खाली ने.” माझा आवाज असा फुटला, की रांग दोन पायऱ्या खाली सरकली. वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं, पोरीचं तोंड पदराने झाकलं आणि निमूट अंगणापलीकडे जाऊन उभी राहिली. (त्या क्षणी मी स्वतःला फार थोर वाटले. पुढचं वाचा.)

मग मी उपकेंद्रातल्या जुलेखा सिस्टरना फोन केला. त्या आल्या, पाटीकडे न बघता आत गेल्या, दोन मिनिटांनी ओढणीत तोंड लपवून बाहेर आल्या.

“रोहिणीताई, असा गोवर मी वीस वर्षांत पाह्यला न्हाई. फक्त दोन गालांवर हाय. आन् थेंबाच्या आकाराचा हाय.”

मग कळलं. मॅचला सगळे आपापल्या देशाचे झेंडे गालावर रंगवतात. ह्यांच्या कंपनीने डीलरांच्या गालावर ठिबकचा थेंब रंगवला. दोन्हीकडे. त्या रंगाने कातडी सोलली.

“आन् लस तर साहेबांनी जायच्या आधीच घेतलीय, दोन्ही डोस. कार्ड खिशात हाय,” सिस्टर म्हणाल्या.

“मला का नाही सांगितलं?” मी खिडकीतून विचारलं.

“सुई टोचताना डोळ्यांत पाणी आलं होतं,” हे म्हणाले. “ते सांगावं लागलं असतं.”

मला हसू यायच्या ऐवजी शिंक आली. मग दुसरी. मग थंडी वाजली. सिस्टरनी माझाच नवा थर्मामीटर माझ्या तोंडात घातला. एकशे एक.

“कुठं गेलता का गर्दीत?”

“अंबाजोगाईला. मास्क आणायला.”

“जाताना मास्क लावला होता?”

“तो आणायलाच तर गेले होते.”

सासूबाईंनी डहाळा सोडला आणि म्हणाल्या, “पोरगं अमेरिका पालथी घालून ठणठणीत आलं. हिला अंबाजोगाई सोसली न्हाई.”

वैष्णवीने आरोहीला घेऊन पुढचं दार लावून घेतलं. (अगदी योग्य केलं, शिकवण माझीच.) आता चार दिवस मी माडीवर आहे. हे दहीभाताचं ताट उंबऱ्यात ठेवून काठीने आत सरकवतात. पाटीही तीच आहे. कागद वाया नको म्हणून ह्यांनी फक्त ‘अमेरिकेहून आलेला माणूस’ खोडून वर ‘अंबाजोगाईहून आलेली बाई’ लिहिलंय.