हौसामावशीचा रुमाल

आमच्या शेजारच्या हौसामावशीला कुठंच जायचं नसतं, तरी रोज कोल्हापूरच्या स्टँडवर जाऊन ती गाडीत जागा धरते.

गाडी फलाटाला लागायच्या आत मावशी खिडकीखाली हजर. लाल चौकड्याचा रुमाल आत असा फेकते की बरोबर सीटवर पडतो. मग पदर खोचून गर्दीत घुसते, एखादी पोटुशी बाई नाहीतर काठी टेकत आलेले आजोबा बघून त्यांना तिथं बसवते आणि रुमाल घेऊन खाली उतरते. ओळख ना पाळख.

"रुमाल पडला, निकाल लागला!" हे तिचं बोलणं स्टँडवर सगळ्यांना पाठ आहे.

एकदा मी पोराला कडेवर घेऊन माहेरी कुरुंदवाडला निघाले होते. मावशीनं माझ्यासाठी धरलेल्या जागेवरचा रुमाल एका बाप्यानं उचलला आणि स्वतःच बसला. मी म्हटलं, राहू दे, उभ्यानं जाईन. मावशी कुठली ऐकते!

"उठा पावणं."

"रुमालाचं तिकीट काढलंय व्हय?"

"न्हाय काढलं. तुम्ही तरी लाज कुठं बरोबर आणलीया? लेकुरवाळी हुभी हाय, दिसत न्हाय?"

कंडक्टर लांबूनच ओरडला, "उठा हो पावणं! तिच्यापुढं आमचंबी काय चालत न्हाय."

तो उठला. मी मान खाली घालून बसले.

मावशी एकटीच राहते. लेक सुरेखा पुण्याला असते. आईनं कायमचं तिकडं यावं, हा तिचा हट्ट. मागं एकदा ती घेऊनही गेली होती. तिथं मेट्रो आली, दार उघडलं आणि मावशीनं सवयीनं रुमाल आत फेकला. सुरेखानं घाबरून तिला मागं ओढलं. तेवढ्यात दार मिटलं आणि रुमाल एकटाच पुढच्या स्टेशनला गेला.

आठवडाभरात मावशी परत. "खिडकीच उघडत न्हाय गं त्या गाडीची! पिवळ्या पट्टीमागं हुभं ऱ्हावा म्हणत्यात, हुतुतू हाय काय? आन् कोण भांडतबी न्हाय. तिथं माझं काय काम?"

परवा सुरेखा पुन्हा न्यायला आली. दोन दिवस आमच्या भिंतीला कान लावायची गरज पडली नाही.

"आई, इथं तुला कोण आहे?"

"सगळं स्टँड हाय. येत न्हाय जा!"

शेवटी सुरेखा एकटीच निघाली. आम्ही दोघी पोचवायला गेलो. पुण्याची गाडी लागली, माणसं धावली. मावशी बाकावरून हलली नाही.

"आई, टाक की रुमाल!"

"लई गर्दी हाय. फुडच्या गाडीनं जा."

पुढची आली. "हिचं टायर बरं दिसंना."

तिसरी तर अर्धी रिकामी होती. मावशीनं ड्रायव्हरकडं निरखून बघितलं. "झोपाळू दिसतोय."

सुरेखा आईकडं बघत राहिली. मग तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

मावशीनं आपल्या शेजारी बाकावर रुमाल टाकला.

"रुमाल पडला," ती हळूच म्हणाली. पुढचं बोललीच नाही.